वाकलेल्या गुडघ्याचं वजन

चारकोपच्या आमच्या चांदीकामाच्या गाळ्यात गुडघ्याचं क्षेत्रफळ असं काढतात: गुडघ्याला ड्रॉइंग पेपर गुंडाळायचा, हवा तेवढा कापायचा आणि काट्यावर टाकायचा. दहा बाय दहा सेंटीमीटरचा तोच कागद भरतो दोन ग्रॅम. सेराफिना आंटीचा गुडघा भरला सहा पूर्णांक चार. म्हणजे तीनशे वीस चौरस सेंटीमीटर. आकडा ऐकून आंटी लाजली.

दीड वर्षं तिचा पाय वाकत नव्हता. वाकला तर चर्चमधल्या माउलीला खऱ्या मापाचा चांदीचा गुडघा वाहीन, तोही स्वतःच्या चांदीचा, बाहेरचा कणही नाही, असा तिचा नवस. गेल्या महिन्यात पाय वाकला. आईकडचा कमरपट्टा आणि पैंजण गाळून तिने शुद्ध चांदीची लगड आणली. एकशे ऐंशी ग्रॅम.

मी हिशोब मांडला. अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा, सोळा घन सेंटीमीटर, गुणिले चांदीची घनता साडेदहा: एकशे अडुसष्ट. कडेला दोन मिलीची तार, सत्तर सेंटीमीटर: तेवीस. एकूण एकशे एक्क्याण्णव. वाट लागली.

"आंटी, अकरा ग्रॅम कमी पडतायत. गुडघा सरळ करूया ना, त्याला पत्रा कमी लागतो, तो बसतोय चांदीत."

"सरळ तर तो दीड वर्षं होताच रे डेरिक! माउली विचारेल, मग मी केलं काय?"

मुद्दा बिनतोड होता.

"पत्रा पातळ घेऊ?" मी राजाराम काकांना विचारलं. काका मूळचे कणकवलीचे, गाळा त्यांचा, हातोडाही त्यांचाच.

"ठोकताना फाटतलो. मगे देवीक भोकाचो गुडघो देतलंस?"

"मग तार अर्ध्या जाडीची. एक मिली."

"अर्धी तार म्हणजे वाचले साडेअकरा. उरलो अर्धो ग्रॅम. तो घासण्यातच जातलो, मेल्या."

मी मान डोलावली आणि तशीच अर्ध्यावर थांबवली.

"काका, वजन अर्धं नाही! पाव! तार आडवीपण अर्धी होते, उभीपण अर्धी होते!"

काकांचा विश्वास बसेना. मी तांब्याच्या दोन तारा दहा-दहा सेंटीमीटर कापल्या. जाड तार: दोन पूर्णांक आठ. बारीक: शून्य पूर्णांक सात. काकांनी काट्यावर फुंकर मारली, शून्य केला, बारीक तार पुन्हा टाकली. शून्य पूर्णांक सात.

"तार फक्त सहा ग्रॅम! एकूण एकशे चौऱ्याहत्तर! सहा ग्रॅम उरतात!" मी एवढा ओरडलो की शेजारच्या खोक्यांच्या गाळ्यातले दोघं धावत आले. "सहा ग्रॅम!" तेही ओरडले. कसले, ते त्यांनी विचारलं नाही.

आंटीने काकांचं मनगट धरलं. "राजाराम, होईल ना मग? वाकलेला?"

"होतलो. पण ठोकताना गुडघो समोर व्हयो. चार तास वाकवन बसाक लागात."

आंटीने स्टूल ओढलं, फ्रॉक सारखा केला, पाय वाकवला.

"कर सुरू."

लगडीचा पत्रा व्हायलाच अजून दोन दिवस होते. ते तिला सांगायची हिंमत कुणाचीच झाली नाही.