राश्को खाटकाच्या दारची पाटी

मी पाटी बोलतेय. राश्को खाटकाच्या दारची. काही गोडगोड ऐकायला मिळेल म्हणून बसला असाल तर आत्ताच उठा. माझा जन्मच कुऱ्हाडीखाली झाला.

डोंगरावरच्या अक्रोडाच्या झाडातून निघाले मी. राश्कोचा धाकटा भाऊ क्रस्तान लाकूडतोड्या. त्यानं झाड पाडलं, करवतीनं त्याच्या फळ्या केल्या आणि सगळ्यात रुंद फळी, म्हणजे मला, पाठीवर घेऊन खाली गावात आला. "दादा, तुझ्या दुकानाला," एवढंच म्हणाला. क्रस्तान कमी बोलायचा. लहानपणी आईबाप गेले, तेव्हा राश्कोनंच त्याला वाढवलेलं. दादा म्हणजे त्याचा देव.

राश्को आणि गावातला दुसरा खाटीक स्तामात आधी सरकारी दुकानात एकाच ओंडक्यावर मांस तोडायचे. एकाच बाटलीतून राकिया, म्हणजे आमची गावठी दारू, प्यायचे. राजवट बदलली, सरकारी दुकानाला टाळं लागलं, आणि दोघांनी एकाच रस्त्यावर आपापली दुकानं थाटली. झालं! जिवाभावाचे दोस्त एकमेकांना पाण्यात पाहू लागले.

राश्कोचा हात सोन्याचा, पण गिऱ्हाईक कसं बोलवावं याची अक्कल शून्य. माझ्या अंगावर त्यानं काय काय लिहावं! युरोपचा दर्जा, जर्मनीचं यंत्र, आजोबांची पाककृती, आजचे भाव, कालचे भाव, संतांचे सण. लोक पुढून जायचे आणि वाचता वाचता कंटाळून स्तामातकडे शिरायचे. मग राश्कोनं डोक्यात राख घालून घेतली आणि खडूनं लिहिलं, "स्तामातच्या सॉसेजमध्ये काय असतं, ते गावातल्या मांजरांना विचारा. उरली असतील तर."

गाव पोट धरधरून हसलं. स्तामात मात्र सुरा घेऊन आला.

त्यानं राश्कोला नाही, मला मारलं. सुरा खपकन माझ्यात रुतला, त्यानं तो उपटला, पुन्हा घातला. ढलप्या उडाल्या. राश्को बाहेर धावला, त्यानं स्तामातच्या तोंडावर ठोसा मारला, दात पडला. दोघे चिखलात लोळले. लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा स्तामात रक्त थुंकत ओरडला, "तुझा फोटो खांबावर लावतो की नाही बघ!"

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो असलेला कागद छापतात, काळ्या चौकटीचा. विजेच्या खांबांवर, झाडांवर, त्याच्या स्वतःच्या दारावर चिकटवतात. त्यामुळे स्तामात काय म्हणाला ते शेंबड्या पोरालाही कळलं. खरं सांगू, रागाच्या भरात माणूस असलं बोलतोच. पण रस्ताभर माणसं उभी होती, आणि त्यातलं कुणीही ते विसरलं नाही.

राश्कोची बायको दाफिना शहाणी बाई. तिनं ओल्या फडक्यानं मला खसाखसा पुसलं.

"एका फळीवर अख्खी पोथी लिहिलीस," ती नवऱ्याला म्हणाली. "गिऱ्हाईक काय इथे मुक्कामाला येतं? चालता चालता बघतं ते. त्याला दोनच गोष्टी सांग. तू कोण, आणि तुझ्याकडे काय आहे. बास!"

माझ्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "राश्को. शुक्रवारी ताजं कोकरू." कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू! आणि त्याच आठवड्यात गिऱ्हाईक वाढलं.

इथे थांबला असता तर तो राश्को कसला!

संत गेओर्गीचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी कोकरू लागतं. राश्को म्हणाला, "पाटी दारात येणाऱ्यालाच दिसते. मला अख्खं गाव पाहिजे. आपल्या गावात प्रत्येक माणूस थांबून वाचतो असा कागद कोणता?"

"मेलेल्यांचा," दाफिना सहज म्हणाली.

राश्कोनं मांडीवर थाप मारली. "तसाच छापायचा! माझा फोटो, माझं नाव, खाली कोकरांची एक ओळ. दोनच गोष्टी सांग म्हणालीस ना? घे, दोनच!"

"आणि काळी चौकट?"

"उठून दिसते की. वर क्रॉस टाकत नाही, मग कशाला कोण चुकेल?"

"राश्को, अवलक्षण आहे हे. नको."

पण नवऱ्यानं ऐकलं तर ना! छापखानेवाल्याला तरी कुठे नवल? तो वर्षानुवर्षं तेवढंच छापत आलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे राश्कोनं खांबाखांबावर आपलं तोंड चिकटवलं, एक कागद हौसेनं दुकानाच्या दारावरही लावला, टाळं घातलं, आणि दाफिनाला गाडीत बसवून कोकरं आणायला गेला. मी माझी दारात लटकत राहिले.

हळूहळू लोक येऊ लागले. चौकट दिसली की आमचा माणूस आधी टोपी काढतो. खालची ओळ वाचायला डोळे कोरडे लागतात. समोरच्या गिंका आजीनं तर उंबऱ्यावर मेणबत्ती लावली. मी ओरडून सांगितलं असतं हो! पण लाकडाला कुठलं तोंड?

आणि नेमका त्याच दिवशी क्रस्तान सणासाठी डोंगरावरून उतरला. बसच्या थांब्यावरच त्यानं दादाचा फोटो पाहिला. दुकानाशी आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं कुलूप ओढलं, दारावर डोकं आपटलं, दोनदा, कपाळ फुटेपर्यंत.

"कसा गेला?" त्यानं विचारलं.

"देव त्याला क्षमा करो," गिंका आजी रडत म्हणाली. "मला काय ठाऊक, लेकरा? परवापर्यंत धडधाकट होता. तो स्तामात मात्र म्हणालाच होता, खांबावर फोटो लावीन म्हणून."

आजीच्या जिभेला हाड नाही. तिला वाईट काही करायचं नव्हतं, पण क्रस्तानला तेवढंच पुरलं. त्याच वेळी रस्त्याच्या वरच्या टोकाकडून स्तामात येताना दिसला.

परत जा रे मेल्या, परत जा! माझं लाकूड न् लाकूड म्हणत होतं. तो आला. अंगात सणासुदीचा कोट, टोपी काखेत, हातात चार तांबडी फुलं. मेलेल्याला आम्ही फुलं जोडीनंच देतो. त्याचे डोळे सुजले होते. तो कुणाकडे न बघता सरळ दारापर्यंत आला आणि फोटोसमोर उभा राहिला.

"क्रस्तान," तो म्हणाला, "मी त्याच्याशी बोलायला येणार होतो. या सणाला येणार होतो..."

क्रस्ताननं मला साखळीसकट उपटलं.

पहिला घाव कानावर बसला. स्तामात गुडघ्यावर आला, फुलं त्यानं सोडली नाहीत. दुसऱ्या घावाला मी हाड मोडताना ऐकलं. ते माझ्या अंगातून ऐकू आलं. तिसऱ्या घावाला मीच मधोमध फाटले. क्रस्तान उरलेल्या तुकड्यानं मारतच राहिला. गिंका आजी किंचाळत होती. स्तामात हलायचा थांबला होता.

कोपऱ्यावरून राश्कोची गाडी वळली, मागे कोकरं बें बें करत होती. राश्को उडी मारून धावत आला.

क्रस्ताननं वर पाहिलं. त्याच्या हातातून माझा तुकडा गळाला. "दादा," तो अगदी हळू म्हणाला, "तू मेलायस ना?"

राश्को खाली बसला आणि स्तामातचं डोकं मांडीवर घेऊन त्याला हाका मारू लागला. "ऊठ रे, ऊठ गाढवा!" दाफिना दारावरचा कागद नखांनी खरवडून काढत होती.

माझा रक्ताळलेला तुकडा पोलिसांनी नेला, क्रस्तानलाही नेलं. तो तुरुंगातून कधी सुटेल, सुटेल का, देव जाणे. राहिलेली अर्धी मी, दुकानात दारामागे उभी आहे. राश्कोला मला जाळवत नाही आणि माझ्याकडे बघवतही नाही.

माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे त्याच्या नावानं जेवण घालतात. स्तामातच्या चाळिसाव्याआधी त्याची बायको नेदेल्या काळ्या कपड्यांत दुकानात आली. राश्कोच्या हातातला सुरा थांबला. त्याला वाटलं असेल, शिव्या देईल, थुंकेल. मलाही तेच वाटलं. थुंकली असती तर बरं झालं असतं.

"एक कोकरू पाहिजे," ती म्हणाली. "त्याच्या नावानं जेवण घालायचंय."

"नेदेल्या... माझ्याकडून?"

"मग कुणाकडून घेऊ?" ती म्हणाली. "गावात आता दुसरा खाटीक आहे का?"

राश्कोनं कोकरू तोडून दिलं. तिनं पैसे मोजून ओट्यावर ठेवले आणि गेली. तिच्या मागे रांग होती. आता रोजच असते, सगळ्या गावाची. पुढचा माणूस म्हणाला, "राश्को, मला मांडीचं दे," आणि राश्कोनं सुरा उचलला.

बाबांनो, तुमच्यापैकी कुणी या दुकानात आलात, तर जाताना मला काखोटीला मारून न्या. थंडी आहे, चुलीला लाकूड लागतंच.