रेडिएटरची हळद

“हळद काय उंदीर खातात की काय आमच्या घरातली,” सासूबाई डब्याच्या तळाशी चमचा खरवडत पुटपुटल्या. मी त्यांच्या कोपराशीच उभी होते, हातावरचं ग्रीसचं काळं बेसनानं घासून काढत. “पावशेर आणली, पंधरा दिवस झाले नाहीत. आमटीत घालते ती दिसते तरी. बाकीची जाते कुठं?”

माझ्या हातांकडे बघून त्यांनी जोडलं, “बेसनाचं कळतंय.”

बुधवारची सकाळ होती. सोमवारी आमची गाडी श्रीरामपूरला पासिंगला न्यायची होती. आमची म्हणजे आप्पांची, माझ्या सासऱ्यांची. देवळाली प्रवरेच्या शाळेत मुख्याध्यापक झाले त्या वर्षी त्यांनी ती घेतली. गाडीला पंचवीस वर्षं झाली, आप्पांना अठ्ठ्याहत्तर. निवृत्त होऊन संगमनेरला आल्यावरही दर शनिवारी ते एकटे गाडी काढून देवळालीला जात, दहावीच्या पोरांना भूमिती शिकवायला. कंपासशिवाय फळ्यावर वर्तुळ काढणारे शामकांत गुरुजी, असं अजून त्यांचं नाव आहे तिकडे. पण गेल्या महिन्यात गाडी वाटेत दोनदा उकळली, एकदा लोणीच्या अलीकडे, एकदा बाभळेश्वरला. तेव्हापासून शनिवार बंद. तरी शनिवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसतात, आणि कुठंच जात नाहीत. ते बघवत नाही.

“गाडी थकली आता,” माझा नवरा सुहास म्हणाला. “पासिंग-बिसिंग राहू दे. भंगारात देऊ.”

“वय झालं तिचं,” सासूबाई म्हणाल्या.

“बघू,” मी म्हणाले.

मी ‘बघू’ म्हणाले की घरात पाने-पकडी बाहेर येतात. मला हे कुणी शिकवलेलं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मिक्सर उघडला तो मोडून ठेवला, दुसऱ्यांदा उघडला तो चालू झाला. मग शिलाई मशीन, स्कूटर, बोअरची मोटर. सुहास बँकेत मोठा अधिकारी आहे, पण बल्ब कुठल्या बाजूला फिरवायचा हे तो मला विचारतो. संसारात कुणीतरी एकानं शिकायचं असतं.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. पाणी कमी व्हायचं, पण गळताना दिसायचं नाही. खाली पुठ्ठा अंथरला, तो सकाळी कोरडा ठाक. दोन मेकॅनिकांनी बघून मान हलवली होती. मी त्याआधीचे दोन दिवस कुकर लावताना त्यावर विचार केला होता, आणि त्या बुधवारी उत्तर कुकरमध्येच निघालं. रबर सैल आहे की नाही हे कुकर थंड असताना कळतं का? आत दाब चढला की वाफ आपोआप वाट दाखवते. गाडीचंही तेच. पण तापलेल्या इंजिनात हात घालायचा कसा? तेव्हा गाडी थंड ठेवून दाब द्यायचा.

रेडिएटरचं एक जुनं झाकण घेतलं, त्याला भोक पाडून स्कूटरच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला, आणि हवा भरायचा काट्याचा पंप जोडला. तेरा पौंड हवा भरून टॉर्च घेऊन मी गाडीखाली शिरले. इंजिनच्या मागून पाण्याचा एक लोखंडी पाईप जातो, सहज दिसत नाही तो. त्याच्या वळणाशी, क्लिपखालून, एक थेंब फुगला, जरा वेळ लोंबला आणि माझ्या कपाळावर पडला.

मला इतका आनंद झाला की मी तो पुसलाच नाही. मग बोटावर घेतला. पिवळा होता. वास घेतला, तर तो ओळखीचा. रोज सकाळी आमच्या फोडणीतून येतो तोच.

मी बाहेर आले. आप्पा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते.

“आप्पा, रेडिएटरमध्ये हळद कोणी घातली?”

आप्पांनी घसा साफ केला. “चंदनापुरीच्या घाटात एकदा अशीच गळत होती. एका ट्रकवाल्यानं मूठभर हळद टाकली आणि म्हणाला, गुरुजी, जा आता पुण्यापर्यंत. गेलो मी.”

“ती एका दिवसाची मलमपट्टी झाली. तुम्ही पावशेर घातलीत.”

“रोज सकाळी चालू करून बघतो, तेव्हा थोडी थोडी.”

दारात सासूबाई उभ्या होत्या. “गाडीला हळद लागली,” त्या म्हणाल्या, “आता लग्न कुणाशी ठरलंय तेवढं सांगा. आहेर आणायला हवा.”

आप्पा हसले, आम्हीही हसलो. इतकं मोकळेपणानं त्यांनी कबूल केलं, की मला वाटलं सगळं उलगडलं.

पाईप काढला. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी घातल्यानं तो गंजानं आतून खाल्ला होता, भोकं हळदीनं लिंपलेली. असा पाईप आता बाजारात मिळत नाही. स्पेअर पार्टवाल्या कल्याणचा मेव्हणा नागापूरला एमआयडीसीत पाईप वाकवायचं काम करतो, पण त्याला मापं हवीत. लांबी, जाडी मी घेतली. वळणाचा कोन घ्यायला कोनमापक शोधत होते, तेवढ्यात आप्पा म्हणाले, “दे इकडे.” त्यांनी पाईप मांडीवर घेतला आणि डोळे मिटून त्यावरून दोन बोटं फिरवली, गव्हाची ओंबी चाचपावी तशी.

“एकशे बारा.”

कोनमापक मिळाला. एकशे बारा. मी दोनदा लावून पाहिला.

“कागदावर एकशे बाराच लिही,” आप्पा म्हणाले. “एकशे दहा लिहून बाकीचं कारागिरावर सोडू नकोस.”

दुकानात कल्याणनं माझं आलेखाच्या कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. “ताई, ह्यो पाईप फुटलाय हे तुमाला कोनी सांगितलं?”

“गाडीनं.”

“तसं न्हाई. मेकॅनिक कोन हाय तुमचा?”

“मीच.”

त्यानं कागद पुन्हा पाहिला, मग माझ्या नखांकडे. “मंग बरोबर,” म्हणाला आणि मेव्हण्याला फोन लावला. “लई नीट चित्र हाय, दाजी. एक अंश हिकडं तिकडं करू नका. बाई परत पाठवतील.”

पाईप शुक्रवारी संध्याकाळी एसटीच्या पार्सलनं आला. तोपर्यंत मी रेडिएटर उलटा धुतला, खालच्या तोंडातून बागेचा पाईप लावून. अंगणात पिवळा चिखल झाला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, ती चहाच्या पातेल्यात उकळून पाहिली. सासूबाईंनी ते पातेलं माझ्या नावावर करून दुसरं काढलं.

शनिवारी सकाळी मी पाईप बसवत होते. तो असा बसला की जागा जणू त्याची वाट बघत होती. सुहास शेजारी उकिडवा बसला. आप्पा आत होते, तरी तो हळू बोलला.

“कशाला दुरुस्त करतेस?”

“म्हणजे?”

“गाडी बंद होती तेव्हा... बरं होतं.” त्यानं जमिनीवरचा एक नट उचलला, फिरवला, परत ठेवला. “आता म्हणायचं काय?”

मी पाना फिरवत राहिले. मला कळलं होतं. गाडीचं दुखणं शोधताना तीन प्रश्न होते. पाणी कुठून गळतं, ते सापडलं. हळद कोणाची, तेही. तिसरा मी बाजूला ठेवला होता, सगळं बसवून झाल्यावर एक स्क्रू उरतो तसा. तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन गाडी उकळेपर्यंत माणूस चालवत राहतो कसा? तेही एकदा नव्हे, दोनदा?

उत्तर घरभर होतं. देवघरात गडूशेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असते, कशासाठी ते कोणी बोलत नाही. सासूबाई आप्पांचं ताट वाढताना सहज म्हणावं तसं म्हणतात, “चटणी डावीकडे, पाणी उजवीकडे.” सुहासनं मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणलं, ‘ऑफर होती’ म्हणून. आणि आम्ही सगळे म्हणायचो, गाडी थकली, गाडीचं वय झालं. बिचारी गाडी सगळं ऐकून घ्यायची. आता मी तिला तरुण करून ठेवली होती.

तरी सांगते, क्लिप आवळताना माझा हात अडला नाही. होत आलेलं काम अर्धं ठेवायला मला येत नाही.

नवं कूलंट भरलं, हवा काढली, गाडी चालू करून बॉनेट उघडंच ठेवलं. काटा मध्यावर येऊन थांबला. थोड्या वेळानं पंखा आपोआप सुरू झाला, मिनिटभर फिरला, आपोआप बंद झाला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी बोअरच्या कट्ट्यावर बसून तासभर तेवढंच ऐकलं. खाली पुठ्ठा होता, त्यावर एक थेंब नाही. सासूबाईंनी चहा आणून दिला, त्यांच्या नव्या पातेल्यातला, आणि शेजारच्या बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “दोन मेकॅनिक हरले होते हिच्यापुढं.”

रविवारी सकाळी चाचणी. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगमागे बसले, मी शेजारी. सुहास आणि सासूबाई फाटकाशी उभे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आप्पांनी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू.

“आवाज कसा लागलाय बघ,” आप्पा म्हणाले. “नवी होती तेव्हासुद्धा असा नव्हता.”

मला त्यांच्याकडून काही काढून घ्यायचं नव्हतं. मी फक्त कौतुकानं, केलेलं काम दाखवावं म्हणून विचारलं, “काटा कुठं आहे, आप्पा?”

“मध्यावर,” आप्पा लगेच म्हणाले. “अगदी मध्यावर.”

गाडी नुकती चालू झाली होती. काटा तळाला होता, हललाही नव्हता.

ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना अंदाजे उत्तर लिहू दिलं नाही, तो माणूस स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला होता. इंजिन एकसारखं चाललं होतं, कसलीही तक्रार नाही, आता कुणालाही गाडीमागे लपायला जागा नाही.

आप्पांनी गाडी बंद केली. काचेवर बोट ठेवून काटा असतो तिथं चाचपलं, पाईप चाचपला होता तसं. काच गुळगुळीत, बोटाला काय कळणार. मग ते उतरले, बॉनेटवर हात ठेवत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

“तिकडे सरक, निवेदिता. जिनं उघडून बसवली तिनंच चालवावी. उद्या श्रीरामपूरलाही आणि शनिवारी देवळालीलाही. पोरांना दाखवायचीय मला, एकशे बारा अंशांचा पाईप जिनं शोधून काढला ती.”

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी शेजारी बसेन,” आप्पा म्हणाले, फाटकापर्यंत जाईल एवढ्या वर्गातल्या आवाजात. “मला दिसत नाही.”