चिकपेटमध्ये मिटणारा मेनू

पद्मनाभ दमला होता, आणि ते दमणं काही त्या दिवसाचं नव्हतं. अर्धं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा चामराजपेटेतल्या एका क्लासात, आपल्या मुलीच्या वयाच्या पोरांशेजारी बसून, तो वेबसाइट बनवायला शिकला. साल नव्याण्णव. बंगळुरात ज्याला त्याला वेबसाइट हवी होती, म्हणून त्याला नोकरी मिळाली. मिळाली खरी, पण टिकवायची म्हणजे रोजची परीक्षा. जवळचं वाचताना डोळे कुरकुरायचे. चष्मा करून घेतलेला होता, पण ऑफिसात तो खिशातच राही. पद्मनाभ पडद्यावरची अक्षरं मोठी करून काम करी आणि शंतनूची चाहूल लागली की झटकन बारीक करी. शंतनू त्याचा साहेब, पुण्याहून आलेला, वयाने पुष्कळ लहान. म्हाताऱ्या बैलाला कोणी फुकट वैरण घालत नाही, हे पद्मनाभला कोणी शिकवायला नको होतं.

आणि आता सगळं घोडं एका मेनूपाशी अडलं होतं.

चिकपेटेत आप्पाजींची रेशमी साड्यांची जुनी पेढी. तिच्या वेबसाइटवर वर नावांची एक पट्टी होती. माउसचा बाण 'साड्या' या नावावर नेला की खाली यादी सुळकन उलगडायची, गादीवर साडी उलगडतात तशी. बाण बाजूला सरकला की यादी मिटायची. या उलगडण्यावर शंतनूचा भारी जीव. ऑफिसात ते झकास चाले. चिकपेटहून मात्र सारखा फोन, मेनू उघडतो आणि हात पोचायच्या आत मिटतो.

पद्मनाभ बिचाऱ्याने काय करायचं ठेवलं होतं? दोन ब्राउझरांचं सासूसुनांसारखं, एकीला रुचेल ते दुसरीला नाही, म्हणून दोघींसाठी वेगळी जावास्क्रिप्ट लिहिली. उलगडण्याचा वेग कमी केला. 'इथवर पोचलो' असं सांगणाऱ्या तपासणीच्या खिडक्या जागोजाग घातल्या. सगळ्या खिडक्या म्हणत, ठीक आहे. आणि फोन काही थांबेना.

"पद्मनाभजी, क्लायंट जाम वैतागलाय," शंतनू म्हणाला. "आज तिथे जाऊन वन्स अँड फॉर ऑल फिक्स करून या. नाहीतर मेनूचं काम मी त्या नवीन मुलाला, ऋतुराजला देतो."

मेनू काढून घेतला की पद्मनाभकडे उरत होतं दोन हजार साल लागायच्या आत जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा बदलण्याचं काम, आणि ते तर डिसेंबरात संपणार होतं. त्यानंतर घरचा रस्ता.

फ्लॉपी खिशात घालून पद्मनाभ चिकपेटेत पोचला. हातगाड्या, गठ्ठे वाहणारे हमाल आणि स्कूटरी यांतून अंग चोरत पेढीत शिरला, चपला काढल्या.

"या हो पद्मनाभअण्णा. स्वल्प बसा, काफी घ्या," आप्पाजी म्हणाले. उपरणं पांघरून लोडाला टेकून बसले होते. घराणं शिवकाळात इकडे आलेलं, मराठीला कानडीची फोडणी बसलेली.

तेवढ्यात लग्नाच्या खरेदीला बायका आल्या. दिवसातली पहिली साडी वडीलधाऱ्याने आपल्या हाताने उलगडायची, ही पेढीची रीत. आप्पाजींनी बोटसुद्धा हलवलं नाही. "यशोवर्धना, तूच उघड," ते मुलाला म्हणाले. पद्मनाभच्या ते नजरेत आलं, पण त्याला मेनूची घाई होती.

कॉम्प्युटर बैठ्या मेजावर होता आणि माउस? माउस गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर! मऊ गादीत रुतून बसलेला, पोटातल्या गोळ्याला रेशमाची तुसं गुंडाळलेली. पद्मनाभला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस तो कोड खरवडत होता आणि माउस इकडे गादीवर लोळत होता. त्याने गोळा पुसला, साडीच्या खोक्याचं झाकण गादीवर मांडलं, वर माउस ठेवला. मेनू उलगडला, टिकला. यशोवर्धनने करून पाहिलं, तेही जमलं. पद्मनाभचा जीव भांड्यात पडला.

"आता मी बघतो," आप्पाजी म्हणाले.

बाण 'साड्या'वर गेला, यादी उलगडली, बाण तिरका निसटला, यादी मिटली. पुन्हा तेच. मग पुन्हा.

"आप्पाजी, तुम्हालाच जमत नाही की," यशोवर्धन म्हणाला. "किती दिवस सांगतोय मी, पुरे झालं, आता गादी माझ्यावर सोडा, घरी बसा."

"मेनूच वाईट आहे," आप्पाजी तडकले. "माझा हात चांगला आहे."

हाताचं नाव कोणी काढलंच नव्हतं.

पद्मनाभने पाहिलं. म्हाताऱ्याचा उजवा हात उपरण्याखाली जात होता, आणि उपरणं थरथरत होतं. त्याला आपल्या खिशातला चष्मा आठवला.

"अण्णा, म्हणजे दोष तुमचा नाही तर," यशोवर्धन फोनकडे वळला. "तुमच्या साहेबांना तसं कळवतो मी. आमचंच चुकलं म्हणतो."

हा फोन झाला असता तर पद्मनाभची नोकरी वाचली असती. इतके दिवस त्याला दुसरं हवं तरी काय होतं?

"थांबा," तो म्हणाला. "दोष मेनूचाच आहे. आप्पाजी बरोबर सांगतायत."

"पण आम्हाला तर जमलं..."

"म्हणून काय झालं? गादीवर बसणाऱ्याला जमायला हवा."

त्याने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तिथेच कोड उघडलं. सुळकन उलगडणं काढून टाकलं. बाण सरकला की मिटणं काढून टाकलं. नावं मोठी केली, त्यांच्यात भरपूर जागा सोडली. एकदा दाबलं की यादी उघडणार, आणि पुन्हा दाबेपर्यंत कुठे जाणार नाही.

आप्पाजींचा हात उपरण्यातून भीतभीत बाहेर आला. बाण डुगडुगत 'साड्या'पाशी पोचला, त्यांनी दाबलं. यादी उघडली. बाण भरकटला, पडद्याच्या कोपऱ्यात गेला. यादी जागची हलली नाही.

"सरी, झालं बरोबर," आप्पाजी हळूच म्हणाले. मग यशोवर्धनकडे वळून मोठ्याने, "सांगत नव्हतो मी? मेनूच वाईट होता."

निघताना ते उंबऱ्यापर्यंत पोचवायला आले. तिथेच रेंगाळले. पद्मनाभनेही चपला घालण्यात उगाच वेळ काढला.

ऑफिसात शंतनूने नवा मेनू पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. "ॲनिमेशन कुठे गेलं?"

"काढलं."

"मग प्रॉब्लेम नेमका काय होता?"

"मी इतके दिवस माझ्याच हाताने तपासत होतो," पद्मनाभ म्हणाला. "चूक माझी."

शंतनूने मान हलवली. "सॉरी, पण मेनूचं काम उद्यापासून ऋतुराज बघेल. तुम्ही तारखांचंच घ्या."

पद्मनाभ हो म्हणाला. वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि वाईट वाटायचं तेवढं वाटत होतंच. जागेवर येऊन त्याने खिशात हात घातला आणि शंतनूच्या देखत चष्मा लावला.

"अरे, तुम्हाला चष्मा कधी लागला?"

"कधीचाच," पद्मनाभ म्हणाला, आणि कामाला लागला.