नमुन्याची खोली

मी रोज दोनदा, अकराला आणि चारला, उलटी चालते. पाठ रस्त्याकडे, तोंड लोकांकडे आणि तोंडावर हसू. प्रवेशाआधी आईवडिलांना घेऊन आमचं विद्यापीठ बघायला येणाऱ्या मुलामुलींना मी ते फिरून दाखवते. हसू कसं धरून ठेवायचं ते कार्यालयातल्या बाईंनी आरशासमोर उभं करून शिकवलं. वर्षभर तक्रार न येता हे केलं की शेवटच्या वर्षी एकटीची खोली मिळते. त्या खोलीसाठी मी धडधडीत खोटं बोलते.

"आमचे प्राध्यापक प्रत्येकाला नावानिशी ओळखतात," असं मी सांगते. पाचशेजणांच्या वर्गात शेवटच्या बाकावरून मला ते अंगठ्याएवढे दिसतात, आणि दोन वर्षांत त्यांनी मला एकदाच हाक मारली: "ओ, खिडकी लावा!" "वाचनालय रात्रंदिवस उघडं असतं," हेही सांगते. असतं उघडं. खुर्च्यांवर दप्तरं बसलेली असतात आणि माणसं जिन्यात.

सगळ्यात शेवटी वसतिगृहाच्या तळमजल्यावरची नमुन्याची खोली. पांढरी चादर, प्लास्टिकचं हिरवंगार रोप, लख्ख बेसिन. तिथे कोणी राहत नाही.

दोष कोणाला देऊ? हात दाखवून अवलक्षण माझंच. घरापासून दहा मिनिटांवर बरंसं कॉलेज होतं. बाबा प्लंबर, त्या कॉलेजचे सगळे नळ त्यांच्या ओळखीचे. पण मला डबक्यातला बेडूक व्हायचं नव्हतं. मी घरात अबोला धरला, रडले, आणि नाक वर करून इथे आले. आता तेच नाक दाबून राहते. दर रविवारी फोनवर मात्र, "मस्त चाललंय!"

त्या मंगळवारी अकराच्या घोळक्यात मागे बाबा उभे होते, ठेवणीतला शर्ट घालून. शेजारी आमचं शेंडेफळ, माझी धाकटी बहीण. न कळवता आले होते. तिला दुसऱ्या दिवशीपर्यंत अर्ज भरायचा होता: घराजवळचं कॉलेज की माझं विद्यापीठ. शेजारी उभ्या असलेल्या बाईंना ती अभिमानाने सांगत होती, "ती पुढे चालतेय ना, ती माझी ताई."

मी पाठ केलेलं सगळं बोलले. एकदाही अडखळले नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटते.

नमुन्याच्या खोलीत सगळे "अगंबाई, किती छान!" करत असताना बाबांनी नाक फुगवून वास घेतला; बेसिनकडून गटाराचा बारीकसा वास येत होता. मग नळ सोडला. नळ खोकला, दोन थेंब तांबडं पाणी थुंकला, तोच बाबांनी तो बंद केला.

"इथे कोण राहतं?" बाबांनी विचारलं.

"इथे दोन मुली राहतात, काका," मी म्हणाले.

काका! रोज पन्नास बापांना म्हणते, तसंच निघून गेलं तोंडातून. शेंडेफळाने माझ्याकडे असं पाहिलं की माझं ते शिकवलेलं हसू ओठांवरच सुकलं.

घोळका गेल्यावर बाबा बेसिनखाली उकिडवे बसले. "हा वाकडा पाइप बघ. यात पाणी साचलेलं असलं की गटाराचा वास वर येत नाही. नळ वापरला नाही की ते वाळून जातं. कित्येक महिने इथे कोणी हात धुतलेले नाहीत." मग उठून म्हणाले, "आठवड्याला मगभर पाणी ओतलं असतं तरी वास आला नसता. एवढंही सुचलं नाही कोणाला. चल, तुझी खोली दाखव."

चौथा मजला. पॅसेजमधल्या फ्रिजमध्ये कोणाचं तरी दूध हिरवं झालेलं, आणि वर चिठ्ठी: "हात लावू नये". दोघींच्या खोलीत आम्ही तिघी. बेसिनमध्ये महिनाभराचं करडं पाणी, त्यावर टूथपेस्टचा फेस, केस, भाताची शितं. आम्ही आत असतानाच एक रूममेट आली, त्यात थुंकली आणि वर न बघता निघून गेली.

बाबांनी ठेवणीतल्या शर्टाची बाही वर केली, हँगरची तार वाकवली आणि बेसिनच्या भोकात घातली. केसांचं एक बुळबुळीत वेटोळं वर आलं, त्यात गुंतलेल्या पिना आणि वापरलेली चिकटपट्टी. उलटं चालायची मला सवय होती, पण तेव्हा खरीच उलटी येईल असं वाटलं. पाणी गुडगुडत खाली गेलं.

"प्लंबरची पोरगी तू," बाबा म्हणाले. "महिनाभर हे असं? एक फोन करायचास. सांगितलं असतं कसं काढायचं ते."

कसा करणार होते? फोनवर तर सगळं मस्त होतं.

मला वाटलं, शेंडेफळ नाक मुरडेल. पण ती माझ्या खाटेच्या काठावर जाऊन बसली.

"घाणीचं काही नाही, ताई. बाबा रोजच काढतात घाण. मी इथे राहिलेसुद्धा असते." मग तिचा आवाज चिरकला. "पण इथे मला खरं कोण सांगणार? तू? तू तर बाबांना काका म्हणालीस!"

मी म्हणू शकले असते, चुकलं गं. तोंडात एकही न शिकवलेलं वाक्य नव्हतं. तिने तिथेच बसून फोनवर अर्ज भरला. घराजवळच्या कॉलेजचा.

निघताना बाबा दारात थांबले. "हात धुऊन घे," म्हणाले. "आता पाणी जातंय."

ते गेले तेव्हा साडेतीन वाजले होते. पावणेचारला मी पाण्याने भरलेला मग घेऊन तळमजल्यावर उतरले. खिडकी उघडली, नमुन्याच्या बेसिनमध्ये मगभर पाणी हळूहळू ओतलं आणि थांबले. वास गेला. बाबांचं काम कधी चुकत नाही. मला स्वतःची इतकी किळस आली की आरशात बघवेना.

चार वाजता घोळका आत आला.

"इथे दोन मुली राहतात," मी म्हणाले.

एका बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "बघ गं, कसला म्हणून वास नाही."