कऱ्हेकाठचा दहावा

कऱ्हेच्या काठावर पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर चारपाच बसले होते. मान वाकडी करून बघत, पुन्हा उडत.

"आक्काला भीत असतील," मोहनरावमामा म्हणाले. "सॅल्यूट ठोकल्याबिगर जवळ कसं यायचं?"

लोक जरासे हसले. एरवी राजलक्ष्मीही हसली असती.

तिची आई, द्वारकाबाई, फौजदार म्हणून लागली आणि पोलीस अधीक्षक होऊन निवृत्त झाली. पुढे सरकारी समित्यांवर गेली. शेवटची काही वर्षे तिने सासरहून परतलेल्या मुलींसाठी इंदापूरला सल्ला केंद्र चालवले.

गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा अडतो. म्हणून एकेक जण पिंडापुढे हात जोडून कबूल करत होता. केंद्र बंद पडू देणार नाही. राजलक्ष्मीला अंतर देणार नाही. कावळे बाभळीवरच राहिले.

आईचा जीव कुठे अडकला होता, ते राजलक्ष्मीला ठाऊक होते. भिगवणची गोजरबाई सगळ्यांच्या मागे बसली होती. तिची लेक कौसल्या केंद्रात आली, तेव्हा द्वारकाबाईंनी तिच्या नवऱ्याला दम भरला, पोरीची समजूत घातली आणि तिला नांदायला परत पाठवले. बहुतेकींना तसेच पाठवत. पाऊस संपायच्या आत कौसल्या विहिरीत सापडली. त्यानंतर आईने गोजरबाईला कितीदा निरोप धाडले. ती आली नाही. आज आली होती.

राजलक्ष्मी तिच्याजवळ जाऊन बसली. "मावशी, तुम्ही एकदा म्हणाल का?"

"काय म्हणू?"

"की तुमच्या मनात आता काही नाही."

गोजरबाईने पिंडाकडे हात केला. "कौसीच्या दहाव्याला पिंड ठेवायची खोटी, कावळा शिवला. कुणाकडं काय मागायची सवयच ऱ्हायली नव्हती पोरीला." तिने नाक पुसले. "तुजी आई वाईट नव्हती. म्हणून तर आले. पर मनात हाय ते हाय. हितं खोटं बोलू व्हय?"

"नको," राजलक्ष्मी म्हणाली.

ऊन चढले. मामांनी पुन्हा हात जोडले. "आजून जरा थांबू. तसंच उठलो तर लोक काय म्हणतील?"

"मामा, दर्भाचा कावळा करा."

 मामांनी खाली बसून गवताच्या काड्या वळल्या, गाठ मारली. तो कावळा राजलक्ष्मीने त्यांच्या हातून घेतला आणि स्वतःच पिंडाला टेकवला.