अर्ध्या मिशीची पैज

पैज लागली ती दुकानवाल्या मावशीवरून. मावशी एकवेळ श्वास घ्यायचं विसरेल, पण फोन खाली ठेवणार नाही, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. साखर मोजताना फोन, उधारी मागताना फोन. खांदा आणि कान यांच्यात तो दाबून दाबून बाईची मान कायमची डावीकडे कललेली. तर वेल्डर म्हणाला, ही बाई अर्धा तास फोन बंद ठेवेल तर मी मिशी उतरवीन.

हे तो बोलला न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गालांवर फेस असताना, म्हणजे सगळ्यात चुकीच्या जागी. कारण तो न्हावी म्हणजे फवारा. गिऱ्हाईक खुर्चीत पेंगलं की हा पाण्याची बाटली घेऊन त्याच्या कानात फवारा मारायचा, म्हणून हे नाव. एकदा त्यानं स्टॉपवर चिठ्ठी चिकटवली होती की आज बस पलीकडून सुटेल. अख्खी रांग मुकाट्यानं रस्ता ओलांडून उभी राहिली, आणि बस आल्यावर पुन्हा धावत अलीकडे. चाळिशी उलटली, पोरगी कॉलेजच्या वयाची झाली, तरी ह्याच्या अंगातला वात्रटपणा काही जात नव्हता.

फवाऱ्यानं वस्तरा थांबवला. म्हणाला, एकट्या मावशीचं काय घेऊन बसलास, मी सगळ्या वस्तीचे फोन बंद करून दाखवतो. एकही वाजला तर माझी मिशी. नाही वाजला तर तुझी. आणि पूर्ण नाही हं, अर्धी. अर्ध्या मिशीनं भरदिवसा बसस्टॉपपर्यंत जायचं आणि परत यायचं.

वेल्डरची मिशी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. ठिणग्यांपासून ती वाचावी म्हणून हा माणूस तोंडावर मुखवट्याच्या आत आणखी एक फडकं बांधायचा. तरी तो हो म्हणाला. गालावर वस्तरा असताना माणूस वाद घालत नाही.

आता फवाऱ्याला हे खूळ का सुचलं, तर पोरीसाठी. वस्ती अशी, की तिच्यापुढे रस्ताच नाही. बस इथे येते आणि वळते. खाली दगडाची खाण, समोरच्या डोंगरावर एकुलता एक टॉवर. चार जण एकदम गप्पा मारायला लागले की नेट गोगलगाय होतं. आणि शहरातल्या विद्यापीठानं दूरच्या वस्त्यांमधल्या, हातावर पोट असलेल्या घरांतल्या मुलांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. शिकणं, राहणं, जेवणं, सगळं त्यांचं. फवाऱ्याची पोरगी लेखी परीक्षेत पास झाली होती. उरली होती मुलाखत. तीसुद्धा फोनवर, समोरासमोर दिसेल अशी, म्हणजे लांबच्या मुलांना येण्याजाण्याचा त्रास नको. फवारा म्हणाला होता, बघा, माणसं किती विचार करतात.

पोरीला दगड शिकायचे होते. लहानपणापासून खाणीतले तुकडे आणून ती दुकानात आरशाखाली मांडून ठेवायची, आणि गिऱ्हाइकांना त्यातल्या रेघा दाखवायची: ही राख, हा चिखल, इथे कधीतरी पाणी होतं. माणसं गालाला साबण लावलेल्या अवस्थेत ऐकून घ्यायची, पळून जाणार कुठे.

अर्ज भरताना तिनं विचारलं होतं, बाबा, अडीअडचणीला अजून एक नंबर मागतायत, कुणाचा देऊ? फवारा म्हणाला, वेल्डरचा दे. ग्राइंडरच्या आवाजात ऐकू यावं म्हणून वेल्डरनं फोनला आगीच्या बंबाचा भोंगा लावला होता. वाजला की कुत्री रडायची. तो काही चुकायचा नाही, असं फवारा म्हणाला, आणि बोलून विसरून गेला.

मुलाखतीच्या दुपारी तो दारोदार फिरला. ज्यानं त्यानं त्याच्यासमोर फोन बंद केला, वर पोरीला शुभेच्छा दिल्या. मावशीनं तर फोन फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात टाकला आणि वर स्वतः बसली. वेल्डर टाळाटाळ करत होता, तर फवाऱ्यानं त्याच्या उरावर बसून त्याचा फोन बंद करवला. म्हणाला, पैजेत तूही धरलायस, चालूपणा नको.

पोरगी बापाचा फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढली. नेट तिथेच भरून यायचं. फवारा खाली शिडीशी उभा राहिला. वस्तीत अशी शांतता, की मावशीच्या डब्याचं झाकण करकरलेलं ऐकू येत होतं. वरून पोरीचा आवाज येत होता, आधी बारीक, मग मोकळा. ती रेघांचं सांगत होती. पलीकडचं कुणीतरी हसलं, चांगलं हसलं. फवाऱ्यानं मिशीला पीळ दिला.

मग आवाज थांबला.

त्याला वाटलं, मोठा प्रश्न विचारला असेल, पोरगी विचार करतेय. तो हलला नाही. गल्लीच्या टोकाला वेल्डर दिसला, त्याला त्यानं ओठावर बोट ठेवून दाखवलं आणि वर स्वतःच्या मिशीवरून कात्री फिरवल्यासारखं करून खिजवलं. बराच वेळ गेला.

"बाबा," पोरगी वरून म्हणाली, "फोन बंद पडलाय. चालूच होत नाहीये."

उन्हानं फोन तव्यासारखा तापला होता. नेटला काही झालं नव्हतं. नेट त्या दिवशी जेवढं छान होतं तेवढं कधीच नव्हतं. त्यांनी फोन सावलीत धरला, फुंकरा घातल्या, मावशीच्या फ्रिजमध्ये ठेवला. पोरगी फ्रिजच्या दारापाशी उभी होती. मुलाखत घेणारे म्हणाले होते, ती हळूच बोलली, मध्येच तुटलं तर घाबरू नकोस, दुसऱ्या नंबरवर लावू, नुसतं बोललीस तरी चालेल.

फवाऱ्याला दुसरा नंबर आठवायला क्षणभर लागला. मग तो धावला. पायातली चप्पल कुठे राहिली ते त्याला कळलं नाही.

वेल्डर आपल्या दुकानात स्टुलावर बसला होता, बंद फोन मांडीवर, शहाण्या मुलासारखा. फवाऱ्यानं तो हिसकावून चालू केला. एक मेसेज आला, मग दुसरा, मग लागोपाठ येतच राहिले: आपणास या नंबरवरून फोन आला होता. उलटा फोन लावला तर ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाली, या नंबरवर येणारे फोन घेतले जात नाहीत.

दोन दिवसांनी कळवलं गेलं की उमेदवार दिलेल्या वेळेत संपर्कात राहू न शकल्यानं विचार करता येत नाही.

फवारा बस पकडून शहरात विद्यापीठाच्या ऑफिसात गेला. ऑफिसं त्याला नवीन नव्हती. वस्तीत विजेचा खांब आणला तो त्यानंच, कुठल्याशा साहेबाचा मामा बनून. उद्धट माणसाला चढवायचं, भित्र्याला दरडावायचं, आळशाला चहा पाजायचा. त्याच्याकडे प्रत्येक कुलपाची किल्ली होती. पण इथे कुलूपच नव्हतं. प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सगळ्या वस्तीनं फोन बंद ठेवले हे ऐकून त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, मी स्वतः अशाच वस्तीतली. तुमची मुलगी त्या दिवशी सगळ्यांना आवडली होती.

"मग घ्या की तिला," फवारा म्हणाला.

"तुमच्यासाठी नियम वाकवला, तर उद्या कुणी साहेबाचा मामा येऊन बसेल," त्या म्हणाल्या. "मग तुमच्यासारख्यांच्या जागा कुणाला जातील?"

फवाऱ्यानं विचारलं, जागा गेली कुणाला. तर एका पोरीला, जिच्या वस्तीला बससुद्धा जात नाही. आणि पुढच्या वर्षी? त्याच वर्षी शाळा संपलेल्यांसाठीच ही सोय होती. शिवी घालायला एक माणूस मिळेना. त्यानं पाणी संपवलं, पेला नीट ठेवला आणि निघाला. जाताना बाई दारापर्यंत आल्या, तेही त्याला सहन होईना.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, फवाऱ्याच्या दुकानात बसायला जागा नसताना वेल्डर आला आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसला. मिशी त्यानं तेल लावून विंचरून आणली होती.

फवारा म्हणाला, ऊठ, नाटकं करू नकोस.

"पैज तू जिंकलास. एकाचाही फोन वाजला नाही," वेल्डर म्हणाला. "काप."

फवाऱ्यानं ब्रश उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बाकड्यावरची माणसं जमिनीकडे बघत होती. मावशी दारात येऊन उभी होती, मान सरळ. पोरगी कोपऱ्यात केस झाडत होती, तिनं झाडू थांबवला नाही.

फेस लावून झाला तेव्हा वेल्डर आरशातून म्हणाला, "लबाडी करणार होतो मी. तू टाकीकडे गेल्यावर फोन चालू करायला बटणावर अंगठा ठेवला होता. मिशी वाचवायची होती रे. मग म्हटलं, नको, पोरीचं नुकसान होईल."

आयुष्यात फवाऱ्यानं शंभर जणांना लबाडी शिकवली होती, आणि नेमका हा एकदा सरळ वागला.

तेवढ्यात वेल्डरच्या खिशात भोंगा वाजला. बाहेर कुत्र्यानं सूर धरला. दुकानातलं एकही माणूस हललं नाही. पोरीचा झाडू थांबला. वेल्डरनं फेसानिशी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाला, "हो. फाटक उद्या देतो."

झाडू पुन्हा सुरू झाला.

फवाऱ्यानं डावी बाजू साफ केली, एकही ओरखडा न उमटवता. वेल्डर उठला, कापड झटकलं आणि भर उन्हात बसस्टॉपच्या दिशेनं निघाला. लोक दारादारांत उभे राहून बघत होते. असा कार्टून दिसत होता, की एरवी फवाऱ्यानं त्याच्यामागे ताट वाजवत वरात काढली असती.

पोरगी झाडू घेऊन दारात आली.

"हसा की कुणीतरी," ती म्हणाली. "हरलेत ना काका."

फवाऱ्यानं पाण्याची बाटली उचलली, सवयीनं. कुणावर फवारा मारावा ते त्याला सुचेना.