कलाबाईंची नजर

तिगावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि आपल्याला पुष्कळ कळतं अशी माझी ठाम समजूत होती. नवरा, श्रीधर, पांढुर्ण्याला पोस्टात होता आणि रोज जाऊन-येऊन करायचा. शेजारी कलाबाई राहायच्या. पन्नाशी उलटलेली, चार एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, थोडी संत्र्याची झाडं, घरात मुलगा आणि सून वच्छला.

श्रावण लागला की गावच्या बाया जंगलातून सात्या आणायच्या. सात्या म्हणजे वारुळावर उगवणारी पांढरी अळंबी. नागपूरच्या बाजारात विकायला येते तेवढीच मला ठाऊक होती. इथं मात्र चुलीवर चढवण्याआधी प्रत्येक टोपली कलाबाईंच्या ओसरीवर यायची. त्या एकेक उचलून पालथी करायच्या, देठ चाचपायच्या, नाकाशी न्यायच्या आणि हवी ती उजवीकडे, नको ती डावीकडे टाकायच्या. बोलता बोलता टोपली मोकळी व्हायची. "चांगल्या हायेत," असं त्या म्हणाल्या की पुढं कोणी शंका काढत नसे.

आणखी एक रीत होती. ज्यानं तोडलं त्यानं आधी खायचं. दुपारी त्यानं एकट्यानं जेवायचं आणि घरच्यांनी दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघायची. म्हणूनच दुसऱ्याच्या टोपलीत आपली तोडलेली कोणी टाकत नसे.

दोन पावसाळे मी कलाबाईंबरोबर जंगलात जात होते. बरोबर वही असायची. दिसेल त्या छत्रीचं मी चित्र काढायची, रंग लिहून ठेवायची. पण मी दाखवलेली एकही त्यांनी कधी टोपलीत घेतली नाही.

"ही?"

"नाही, बाई."

"आणि ही?"

"तिले तं हातबी नोका लावू." मग हसून म्हणायच्या, "तुमची नजर वहीत राहते, बाई. जराशी जमिनीवर ठेवा."

त्या थट्टेनं बोलायच्या आणि मी मनाला लावून घ्यायची. पोरांना चुकल्याबद्दल दिवसभर उठाबशा काढायला लावणारी बाई मी, मला कोणी चूक म्हटलेलं कसं चालणार?

चौऱ्याऐंशी साली पोळ्याच्या आठ दिवस आधी आम्ही गेलो होतो. परत येताना कलाबाई नाल्यावर पाय धुवायला थांबल्या. त्यांची टोपली माझ्याजवळ होती. तिथंच गवतात मला एक दिसली. मोठी, भरलेली, वरून पांढरी, खालूनही पांढरी. वारूळ जवळपास नव्हतं. सात्यांचा देठ मुळीसारखा जमिनीत खोल जातो, हिचा बुडाशी जाड होऊन तिथंच संपला होता. हे मला दिसलं. मी तो देठ मोडून गवतात टाकला आणि वरचा भाग टोपलीत तळाशी सरकवला.

का केलं? त्या खातील, छान झाली म्हणतील, आणि मग मी सांगेन की त्यातली एक माझी होती. एवढंच. दुसऱ्यांच्या टोपल्या त्या पारखायच्या, पण स्वतःची पुन्हा बघायच्या नाहीत, तोडतानाच बघितलेली असायची. रीतीनं मीही त्या दुपारी त्यांच्या शेजारी ताटावर बसायला हवं होतं. मी घरी जाऊन वरण-भात जेवले आणि शाळेत गेले.

तीन वाजता वच्छला धावत शाळेत आली. कलाबाईंना उलट्या थांबत नव्हत्या. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर घालून त्यांना पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ओठ पांढरे पडले होते. मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. चार सलाईन लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या.

"माही नजर गेली, बाई," त्या म्हणाल्या. "माह्याच हातानं तोडलं अन् मले दिसलं नाही."

मी त्यांना पाण्याचा पेला दिला.

आदल्याच दिवशी मी एकटी नाल्यावर जाऊन आले होते. गवतात तसल्याच आणखी दोन होत्या, आता पूर्ण उमललेल्या, आणि खालून हिरवट. खालून हिरवी दिसली तर शिवायचं नाही, हे कलाबाईंनी मला पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं होतं. म्हणजे शंकेलाही जागा उरली नाही.

श्रीधरला सांगितलं. तो म्हणाला, "वाचल्या ना त्या? मग गप राहा. उद्या पोलीस आले तर नोकरी जाईल." मला त्याचा राग यायला हवा होता. उलट सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच आज जास्त लाज वाटते.

त्यानंतरचं वर्ष मी कलाबाईंच्या शेजारी काढलं. पोळा झाल्यावर गावातली मंगला सवयीनं टोपली घेऊन आली, तर त्यांनी हात आखडून घेतले. "मले नोको दाखवू वं. मी चुकतो आता." गावानंही ते खरं धरलं. सौंसरला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं त्या जाऊन आल्या. डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं, त्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही. तांदूळ निवडून झाले की ताट वच्छलापुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "तू एकडाव पाहून घे." ज्या बाईच्या शब्दावर अख्खं गाव जेवायचं, तिला आता तांदळातला खडासुद्धा आपल्या भरवशावर काढवत नव्हता. एका शब्दानं हे थांबवणं माझ्या हातात होतं. मी रोज उद्यावर ढकललं.

पुढल्या श्रावणात एका रविवारी सकाळी वच्छला माझ्या दारात उभी राहिली. कडेवर टोपली, मागं मंगला आणि तिची शेजारीण कमल, त्यांच्याही टोपल्या भरलेल्या.

"माह्या सासूनं धाडलं, बाई. म्हणे मास्तरीणबाईच्या वहीत समदी चित्रं हायेत, त्याइले दाखव. आमाले तं काही समजून नाही राहिलं."

दोन पावसाळे मला हेच हवं होतं. मी 'चांगल्या आहेत' म्हटलं असतं तर त्या तिघींनी निमूट घरी जाऊन चुली पेटवल्या असत्या. "चला," म्हटलं, आणि चपला न घालताच त्यांच्यापुढं चालू लागले.

कलाबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिघीजणी ऐकत होत्या. माझा आवाज शाळेत लागतो तसा मोठा लागला, तो मला खाली आणता येईना.

कलाबाईंनी विचारलं, "देठ कसा व्हता?"

"बुडाशी जाड. मुळी नव्हती."

"गवतातली?"

"हो."

"अन् खालून?"

"पांढरी. दुसऱ्या दिवशी बघितल्या त्या हिरव्या होत्या."

"मंग थे उमलली नव्हती," त्या म्हणाल्या आणि मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. "वरीसभर मी मलेच शिव्या देऊन राहिली, बाई."

"मला काय हवी ती शिक्षा द्या."

"शिक्षा शाळेत देतात." आवाज चढलेला नव्हता. "डोळे गेले असते तं बरं झालं असतं. आंधळ्या मानसाले काठी तरी घेता येते. मी आता कोणाचा भरवसा धरू?"

मला रडू फुटलं. कोणी मला बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

वच्छलानं टोपली सासूपुढं ठेवली. कलाबाईंनी एक उचलली, पालथी केली, देठ चाचपला, नाकाशी नेली आणि उजवीकडे ठेवली. दुसरी घेतली. मग पहिली परत उचलली आणि उजेडाकडे धरून पुन्हा बघितली. अशी एकेक दोनदा, तीनदा. ऊन ओसरीच्या पायरीवरून आत आलं तरी टोपली संपेना, आणि बाया उभ्याच राहिल्या.

शेवटची उजवीकडे ठेवून झाल्यावर त्यांनी वच्छलाकडे बघितलं, मग मंगलाकडे, मग कमलकडे.

"चांगल्या हायेत ना वं?" त्यांनी विचारलं.